तिनं त्याला ‘भाऊ’ म्हणणं कधी थांबवायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. कादंबरी यावल आणि चोपड्याच्या मधल्या एका काल्पनिक गावात घडते. नायिका छत्तीस वर्षांची, ‘क’ वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपाल. नवरा चार वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात गेला. ती सासूसोबत राहते, मुलगा सातवीत आहे. नायक केळीचा बागायतदार, बायको आजारात गेली, एक लहान मुलगी. दोघांचं जुळतं. तुम्हाला गोड, हसरी प्रेमकथा हवी आहे. पण वाचलेल्या तिघांनीही सांगितलं की पहिला अर्धा भाग रडका आहे आणि दुसरा मालिकेसारखा. दुःखाचा अपमान न करता हसू कसं आणायचं, आणि अहिराणी किती वापरायची, असं तुम्ही विचारलंय.

बावीस वर्षं मी हस्तलिखितं वाचतोय, त्यातली बरीचशी आपल्याच भागातली. तुमचा मसुदा दोनदा वाचला. भाषा चांगली आहे, माणसं खरी आहेत. चूक एकच आहे, पण ती पायातच आहे: तुम्ही दुःख आधी उरकून घेतलंय आणि हसू नंतर वाढलंय. आठव्या प्रकरणापर्यंत नवऱ्याचा फोटो, हार, रात्रीची उशी. नवव्यापासून फोटो गायब, आणि भरिताची पार्टी सुरू. वाचकाला वाटतं, हिला विसरायला लावलं. आणि विसरणाऱ्या बाईवर त्याचा जीव जडत नाही.

आपल्या खान्देशात हे दोन्ही एकाच दिवशी, एकाच अंगणात होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, घ्या. सकाळी पितरांच्या नावानं घागर भरायची, वर डांगर ठेवायचं (परगावच्या वाचकांसाठी कुठेतरी हळूच सांगा, आपलं डांगर म्हणजे खरबूज, भोपळा नव्हे), पुरणपोळी-आमरसाचा नैवेद्य. आणि त्याच दिवशी माहेरी आलेल्या लेकी निंबाच्या झोक्यावर गाणी म्हणतायत, ओट्यावर पुरुषांचे पत्त्यांचे डाव रंगलेत, सालदाराचं जुनं साल संपून नवं ठरतंय. घागरीपाशी डोळे पुसणारी बाई तासाभरानं झोक्यावर जाते. तिला कुणी विचारत नाही की बाई, तुझं दुःख खरं की झोका खरा. तुमच्या मसुद्यात आखाजी एका ओळीत आटोपली आहे: “आखाजी आली आणि गेली.” अहो, तिथेच तुमची कादंबरी बसलेली आहे!

आपल्या कानबाई देवीच्या सणाचंही तसंच. श्रावणात तिच्या नैवेद्याचे रोट करतात, तेव्हा बऱ्याच घरांत प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घेतात. आता तुमच्या नायिकेच्या घरी तो प्रसंग पाहा. सासू परातीपाशी बसली आहे. दिराची मूठ, पुतण्याची मूठ, सातवीतल्या नातवाची मूठ. पुढची मूठ भरून हात पोत्यातून वर येतो आणि तसाच थांबतो. चार वर्षं झाली, तरी हाताला सवय आहे. सून बघते, काही बोलत नाही. मग नातू म्हणतो, “आजी, ती पण माझीच धर, मला भूक जास्त लागते.” आता ही ओळ हसवते की रडवते? दोन्ही, आणि एकदमच. असे सहा-सात प्रसंग मिळाले की तुम्हाला रात्रीच्या उशीची गरज राहणार नाही. ती आठही प्रकरणं मिळून दीड करा.

हसू कुठून येतं, यावर जरा थांबतो, कारण तुमच्या दुसऱ्या भागात ते चुकीच्या ठिकाणाहून आलंय. शेजारीण खिडकीतून डोकावते, दुकानदार टोमणा मारतो, मित्र गैरसमज करून देतो. हे बाहेरून आणलेले विनोद. दुःखातून उठणाऱ्या माणसाचं हसू त्याच्या स्वतःच्या वेड्या वागण्यातून येतं, आणि ते वागणं प्रेमातून आलेलं असतं.

माझ्या मावशीचं सांगतो. काका गेले तेव्हा त्यांची लुना अंगणात उभी होती. मावशीला सायकलसुद्धा येत नव्हती. पण ‘गाडी उभी राहून जाम होते’ असं काका नेहमी म्हणायचे, म्हणून ती दर रविवारी लुना स्टँडवर लावून वर बसायची आणि पॅडल मारायची. साडी खोचून, चेहरा गंभीर करून. मागचं चाक हवेत फिरायचं, इंजिन फट-फट करायचं, मग ती उतरायची आणि सीट पुसायची. पुढे इंजिन लागेनासं झालं, तरी ती पॅडल मारायचीच. असे किती रविवार गेले कोण जाणे. शेवटी भिंतीपलीकडचे शिंपीकाम करणारे शेजारी, तेही एकटेच होते, बाटलीत अर्धा लिटर पेट्रोल घेऊन दाराशी आले आणि म्हणाले, “अक्का, टाकी कोरडी आहे तिची. मला आवाजावरून कळत होतं, पण सांगावं कसं?” आम्ही घरचे सगळे त्या लुनाकडे बघून हळहळत होतो, त्या माणसानं आवाज ऐकला होता. पुढे त्यांनीच तिला गाडी शिकवली. तेवढ्यावरून आम्हाला सगळ्यांना कळायला हवं होतं, पण कळायला आणखी दोन वर्षं गेली.

तुमच्या नायिकेची लुना कोणती, ते शोधा. तिच्या नवऱ्याची एक रोजची गोष्ट, जी ती अजून चालू ठेवते, आणि जी बाहेरून बघणाऱ्याला थोडी विचित्र दिसते. मग नायकानं त्या गोष्टीला हसू नये, थांबवूही नये. त्यात भर घालावी. एवढं झालं की तुमचं पन्नास पानांचं काम झालं.

आता मला तुमच्या मसुद्यात सगळ्यांत जास्त आवडलेली गोष्ट, जी तुमच्या लक्षातही आलेली दिसत नाही. पहिल्या प्रकरणात ती त्याला ‘भाऊ’ म्हणते आणि तो तिला ‘वहिनी’. बाराव्या प्रकरणात ते एकमेकांना नावानं हाक मारतायत. मधे काय झालं? आपल्याकडे बाई परक्या पुरुषाला भाऊच म्हणते. भाजीवाला भाऊ, कंडक्टर भाऊ. ते सोडणं म्हणजे गावासमोर कबुली देणं. आणि ‘वहिनी’ तर त्याहून अवघड आहे. ‘वहिनी’ म्हणजे माझ्या भावासारख्या माणसाची बायको. तो जितक्या वेळा ‘वहिनी’ म्हणतो, तितक्या वेळा तिचा गेलेला नवरा दोघांच्या मधे येऊन उभा राहतो. तुमचा नायक तर त्याच्यासोबत शाळेत होता, म्हणजे हा शब्द त्याच्या तोंडात मैत्रीनं बसलेला आहे. तो सोडताना त्याला मित्राशी बेइमानी केल्यासारखं वाटणार. हा तुमच्या प्रेमकथेचा कणा आहे. शत्रू, खलनायक, गैरसमज, काही नको.

मधली चार-पाच प्रकरणं ते एकमेकांना काहीच म्हणत नाहीत, असं करून बघा. संबोधन टाळून मराठीत बोलणं किती कठीण जातं, हे प्रत्येक वाचकाला माहीत आहे. ती त्याच्या मुलीमार्फत बोलेल: “पप्पांना सांग, पावती राहिली.” तो खोकेल. फोनवर ‘हॅलो’ तीनदा होईल. समजा, तो वाचनालयात काउंटरशी येतो. तोंड उघडतो, सवयीनं ‘व’ येतो आणि अडकतो.

“व… वाचून झालं.”

ती पुस्तक उघडून बघते. “पान दुमडलंय.”

“आधीचंच असेल.”

“आधी कुणी नेलंच नव्हतं. तुम्ही पहिलेच.”

तो दंड विचारतो. ती म्हणते, दुमडलेल्या पानाला दंड नसतो. तो तरी पाचचं नाणं ठेवतो. ती रजिस्टरात कुठल्या रकान्यात लिहावं म्हणून पेन धरून बसते. इथे प्रेमाचा एक शब्द नाही, पण वाचक पान उलटतो.

बोलीचं उत्तर याच्याशीच जोडलेलं आहे. किती टक्के अहिराणी, असं मोजू नका. कोण कुणाशी कुठल्या बोलीत बोलतं, हे ठरवा आणि ते मोडू नका. नायिकेचं माहेर तुम्ही शिरपूरकडचं दाखवलंय, म्हणजे तिची माहेरची अहिराणी, ‘मन्हा’ म्हणणारी. सासर यावलच्या बाजूचं, तिथे लेवा बोलीत ‘माह्या’. वाचनालयात ती प्रमाण मराठी बोलते. सासूशी सासरच्या बोलीत, चौदा वर्षांत जमलेली, तरी सासू अजून तिच्या एखाद्या शब्दाला हसते. आणि अहिराणी फक्त आईशी, फोनवर. म्हणजे अहिराणी ही तिची सगळ्यात आतली खोली आहे. मग एका संध्याकाळी तो दारात उभा आहे, पाऊस लागलाय, आणि तिच्या तोंडून निघून जातं, “बठा ना, च्या ठेवस.” दोघंही गप्प. तिनं कबुली दिली, हे तिलाच नंतर कळतं. तुम्ही मात्र सध्या पहिल्या पानापासून सगळ्यांच्या तोंडी अहिराणी घातली आहे, अगदी तलाठ्याच्याही, त्यामुळे त्या वाक्याचं वजन जाईल. निवेदन प्रमाण मराठीतच राहू द्या. शब्दांचे अर्थ कंसात देऊ नका, प्रसंगातून कळतात.

सासूबद्दल. तिला तुम्ही पहिल्या भागात खाष्ट केलंय आणि शेवटी एका रात्रीत देवी. तिचा मुलगा गेलाय, ताई. ती सकाळी म्हणेल, “किती दिवस अशी राहशील, बघ कुणी चांगला.” आणि दुपारी सुनेच्या हातात हिरव्या बांगड्या दिसल्या की ताट वाजवून आत जाईल. दोन्ही मनापासून. तिला सुनेचं भलं हवंय आणि सून गेली तर मुलगा दुसऱ्यांदा जाणार, अशी भीतीही आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव केला आणि मग राज्य सरकारनंही इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. तुमची कथा त्यानंतरची आहे, तर ही बातमी वाचनालयातल्या पेपरात आलेली असणार. सासू ती नातवाकडून वाचून घेते आणि पेपराची घडी घालून उशाखाली ठेवते, एवढं पुरे. भाषण नको.

आता कथेतला मोठा अडथळा. तुम्ही ‘गाव काय म्हणेल’ हा धरलाय. तो फार ढोबळ आहे, आणि आपल्या भागापुरता अर्धाच खरा आहे. अनेक समाजांत पाट लावण्याची चाल जुनीच. विधवेनं दुसरं घर करणं अगदी अशक्य कधीच नव्हतं. फक्त ते गुपचूप, रात्री, वाजंत्रीविना व्हावं, अशी अपेक्षा असायची. म्हणून आजही भांडण ‘लग्न करावं का’ यावर कमी आणि ‘मांडव घालायचा का, बँड लावायचा का’ यावर जास्त होतं. कादंबरीचा शेवटचा तिसरा हिस्सा मी तर या बँडवर उभा करेन. ज्या गावात प्रत्येक हळदीला बँडवर रात्रीपर्यंत नाचतात, तिथे हिच्याच लग्नाला का नको? तिचा मुलगा म्हणतो हवा. दीर म्हणतो साधंच करा. नायकाचे वडील म्हणतात, पोराच्या पहिल्या लग्नात वाजला होता, आता शोभत नाही. सासू बोलत नाही, मग एके दिवशी स्वतःच बँडवाल्याकडे जाऊन दर विचारून येते आणि घरी कुणाला सांगत नाही. गोड आणि हसरी कथा म्हणता ना, ती इथे मिळेल, आणि दुःखाला धक्काही लागणार नाही.

दोघांचं दुःख सारखं वागवलं जात नाही, हेही येऊ द्या. तेराव्याला सुतक संपून गंधमुक्ती झाली की पुरुषाकडे स्थळं येऊ लागतात. बहुधा बायकोची धाकटी बहीणच सुचवली जाते. नायकाला नको असताना पाच वर्षांत कितीतरी मुली दाखवल्या गेल्या असतील. तिला कुणी काही दाखवलं नसेल. तो थकलेला आहे, ती उपाशी आहे. म्हणून पहिल्यांदा तो चुकीचं बोलतो: “तुम्हाला बरं आहे, कुणी मागे लागत नाही.” ही ओळ मसुद्यात नाही, घालून बघा. ती आठवडाभर त्याच्याशी बोलणार नाही.

पैशाचे आणि जमिनीचे धागे तुम्ही घातलेत ते बरं केलंत, पण एक चूक दुरुस्त करा. दीर म्हणतो, पुन्हा लग्न केलं की सातबाऱ्यावरचं तुझं नाव जाईल, आणि ती ते खरं मानून नायकाला नकार देते. दिराला तसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. १८५६ च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्यानं लग्नाला मान्यता दिली, पण पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला होता, आणि गावाची आठवण तिथेच थांबली आहे. आजच्या कायद्यात तसं नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार नवऱ्याकडून बायकोला मिळालेला हिस्सा तिचा स्वतःचा, पुनर्विवाहानं तो जात नाही. तेव्हा दीर खोटारडा न करता चुकलेला करा, आणि खरं काय ते तिनं वाचनालयातल्याच पुस्तकातून शोधावं. ग्रंथपाल आहे ना ती! उलट एक खरी अडचण तुम्ही सोडली आहे. नवरा खासगी कारखान्यात होता असं दाखवलंय. मग तिला १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची विधवा पेन्शन मिळत असणार, आणि ती पुनर्विवाहानंतर थांबते, पुढे मुलाच्या नावानं येते. रक्कम लहान असते. पण दर महिन्याला त्याच्या नावानं बँकेत येणारे ते पैसे बंद होणं म्हणजे त्याचं शेवटचं येणं बंद होणं. यावर तिचं रडणं मला पटेल.

बारीकसारीक. २०२३ साली ती पाचोऱ्याहून ‘पीजे’ रेल्वेनं जामनेरला बहिणीकडे जाते; ती छोटी गाडी २०२० मध्येच थांबली. एस.टी.त बसवा. मे महिन्यात भर दुपारी दोघं बागेत फिरतात. आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं. उन्हाळ्यातलं प्रेम गच्चीवर होतं, रात्री, शेजारच्या गच्चीवर पाणी मारल्याच्या आवाजानं. भरिताच्या पार्टीत तिच्या डोळ्यात पाणी येतं आणि ती ‘काड्यांचा धूर’ म्हणते. हे इतक्या हस्तलिखितांत वाचलंय की कृपा करून काढा. पार्टी राहू द्या: बामणोदची हिरवी मोठी वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, केळीच्या पानावर कळण्याची भाकरी. पण तिथे तिला हसू द्या, चार वर्षांनी पहिल्यांदा मोठ्यानं, आणि तिच्या मुलानं वळून बघू द्या.

आणि केळीची उपमा. एका झाडाला एकच घड येतो, घड निघाला की झाड कापतात, त्याच बुडातून पील वाढते, पुढचं पीक पिलबागेचं. तुमचा नायक हे तिला समजावून सांगतो आणि म्हणतो, ‘आपलंही तसंच.’ ताई, हे वाक्य त्याच्या तोंडून काढून घ्या. त्याला फक्त पील राखताना दाखवा: कोयत्यानं बाकीची पिलं छाटतो, एक ठेवतो, कुठली ठेवायची यावर मुलीशी वाद घालतो. ती बांधावर उभी राहून बघते. वाचक शेतकऱ्याच्या घरचा आहे, त्याला कळतं.

शेवट तुम्ही लग्नावर केलाय. मी आणखी एक प्रकरण मागेन. लग्नानंतरची पहिली आखाजी. पहिल्या नवऱ्याची घागर कोण भरणार, कुठल्या घरी, हा प्रश्न कुणी काढत नाही, आणि सगळ्यांच्या मनात आहे. सकाळी नायक बाजारातून येतो, पिशवीत दोन डांगरं. एक त्याच्या गेलेल्या बायकोच्या घागरीसाठी. दुसरं तो तिच्या हातात देतो आणि म्हणतो, “वास घेऊन बघ, पिकलंय का. त्याला कच्चं चालायचं नाही, शाळेत डब्यातलं माझं खायचा.” ती डांगर नाकाशी धरते. आतून सासू ओरडते की पुरण उतू जातंय, आणि झोक्यावर कोण आधी बसणार यावरून बाहेर दोन्ही मुलांचं भांडण लागलेलं आहे.